आर्लिस कुबिचेक फुटबॉल शिकते

दर शनिवारी दुपारी ब्रानिकच्या चर्चमध्ये पापं कबूल करायला रांग लागते. नेब्रास्कातलं हे एवढंसं गाव, तिन्ही बाजूंनी मका आणि चौथ्या बाजूला रेल्वेचे रूळ. इथे पाप करायचं म्हटलं तरी माणसाला वाव तो किती! लाकडी कोठडीत शिरायचं, जाळीपलीकडच्या फादर एमिलना दोन-चार ठरलेली पापं सांगायची, म्हणजे बायकोवर खेकसलो, मेहुण्याच्या नव्या ट्रॅक्टरवर जळलो, उपासाच्या शुक्रवारी चोरून सॉसेज खाल्लं, आणि हलक्या मनाने बाहेर यायचं. अंडं उकडेपर्यंत माणूस स्वच्छ. पण त्या सप्टेंबरात आर्लिस कुबिचेक आत गेली की बाहेरच येईना. मागची रांग या पायावरून त्या पायावर भार टाकून टाकून कंटाळायची.

“साठी उलटलेली बाई,” डोरीन व्हाव्हरा कुजबुजली, म्हणजे वेदीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने. “एवढं पाप करायला हिला सवड कधी मिळाली? सकाळभर शाळेच्या स्वयंपाकघरात असते आणि संध्याकाळभर माझ्या खिडकीसमोर!”

“तिच्या घराला मागचं दारही आहे, डोरीन,” रांगेतलं कोणीतरी म्हणालं, आणि चर्चमध्ये हसू नये हे विसरून सगळे हसले.

आत काय चाललं होतं ते कळतं, तर ते हसू घशातच राहिलं असतं. आत आर्लिस विचारत होती, “फादर, डाउन म्हणजे काय?”

आता ब्रानिकमध्ये जन्मलेल्या बाईने हा प्रश्न विचारावा म्हणजे कोळणीने माशाला काटा असतो का विचारण्यासारखं. त्यातून ही लॅड कुबिचेकची बायको. लॅड पोटासाठी धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायचा, पण गावाच्या लेखी त्याचं खरं काम एकच: शाळेच्या फुटबॉल सामन्याला, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या अमेरिकन फुटबॉलला, माइकवर बोलणं. शुक्रवारी दुपारी पोरं मैदानात उतरली की लॅडचा आवाज कर्ण्यांतून असा निघायचा की रुळांपलीकडची गुरंही मान वर करायची. त्याने आर्लिसला मागणी घातली तीही माइकवरून, ऐन सामन्यात. सगळं मैदान उठून उभं राहिलं. नुसती आर्लिस तेवढी हजर नव्हती. ती घरी फरशी पुसत होती. बँडमधला ट्रॉम्बोनवाला धावत येऊन निरोप सांगून गेला आणि हिने बादलीतला हात बाहेर न काढता “हो म्हणावं” म्हणून सांगितलं, असं लॅड सांगायचा. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. लॅडने ते इतक्यांदा सांगितलं की आता तेच खरं.

लग्नानंतरही तिने तो नेम मोडला नाही. शुक्रवारी सामना, शुक्रवारी फरशी. खिडकी उघडी ठेवायची आणि शेतांवरून लॅडचा आवाज येऊ द्यायचा. “थर्ड डाउन, सहा बाकी.” शब्द कानावर पडायचे, अर्थाशी तिला देणंघेणं नव्हतं. तिच्या लहानपणी चर्चमध्ये लॅटिन चालायचं तसंच हे. कळत नाही, पण चालू आहे तोवर सगळं ठीक आहे.

मग त्या साली पेरणीच्या आधी लॅड विसरायला लागला.

पहिल्यांदा किल्ल्या, चष्मा, शेजाऱ्याचं नाव. त्याला कोण घाबरतं? मग एकच ट्रक तो पुन्हा पुन्हा तोलायला लागला आणि कोठारवाल्यांनी त्याला टाळ्या वाजवून, केक कापून घरी बसवलं. मग एका सकाळी ओव्हनमध्ये बूट निघाले. आणि एका दुपारी त्याने बटाटे सोलणाऱ्या आर्लिसला अगदी अदबीने विचारलं, “माझी बायको कुठं दिसली का हो तुम्हाला?” लिंकन शहरातल्या डॉक्टरने त्याला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. लॅडने सुरेख वर्तुळ काढलं आणि आत एकही आकडा न घालता कागद परत दिला. येताना गाडी आर्लिसने चालवली. वाटेत तिने ठरवून टाकलं, हे कुणाला सांगायचं नाही.

का नाही? तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. कळलं ते मोसमाच्या पहिल्या सामन्याला. त्या दिवशी सकाळपासून लॅडला शर्टाची बटणं लागत नव्हती. पण माइकसमोर बसवला, आणि आर्लिस घरी येऊन बादली भरते तोच खिडकीतून आवाज आला. तोच, पूर्वीचा, छाती भरून. मंडळी नमस्कार, हवा कोरडी आहे, पोरं भुकेली आहेत. आर्लिस फरशीवरच बसली. महिन्यांमागे हरवलेला माणूस तिकडे शेतांपलीकडे बोलत होता.

आणि मग तो थांबला. “सेकंड डाउन,” म्हणाला, आणि पुढे काहीच नाही. मग पुन्हा “सेकंड डाउन”. मग लोकांचं हसू. आर्लिस उठून खिडकीशी गेली. तिला दोन गोष्टी कळल्या. एक, आवाज शाबूत आहे, हिशेब गेलाय. कोणीतरी शेजारी बसून हळूच हिशेब सांगितला तर निभेल. दुसरी, माइक गेला की लॅड गेला. घरात जो उरतो तो लॅड नाही, लॅडचे कपडे घातलेला एक भला माणूस आहे.

पण हिशेब सांगणार कोण? तिला स्वतःला ओ की ठो कळत नव्हतं. कुणाला विचारावं तर पहिला प्रश्न आलाच, की आताच कशाला शिकतेस ग बाई? डोरीनला विचारणं म्हणजे तर चर्चची घंटाच वाजवणं. ऐकेल पण मेला तरी बोलणार नाही असा गावात एकच माणूस होता, आणि तोही शनिवारी, जाळीपलीकडे.

“हे पाप नाही, आर्लिस,” फादर एमिल म्हणाले.

“पाप सांगते ना. माझा नवरा ठणठणीत आहे असं मी गावभर खोटं सांगते. रोज सांगते, उद्याही सांगणार आहे. आता प्रायश्चित्त म्हणून मला फुटबॉल शिकवा.”

“प्रायश्चित्त मी ठरवायचं असतं.”

“मग ठरवा की पटकन. मागं डोरीन उभी आहे.”

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. फादर एमिल म्हणजे दाराला खांदा घासल्याशिवाय खोलीत न शिरणारा माणूस. सेमिनरीत, पाद्र्यांच्या शाळेत, जाण्याआधी पुढच्या फळीत खेळलेला. आयुष्यभर लोकांनी त्यांना नको ते प्रश्न विचारले, आणि उत्तर तोंडपाठ असलेला हा एक कुणी विचारला नव्हता.

“ऐक,” ते म्हणाले, आणि त्यांचा प्रवचनाचा सूर गळून पडला. “आपल्याकडे पोरं कमी, म्हणून आठाला आठ. मोठ्या शाळांत अकरा असतात. एका बाजूकडे चेंडू, दुसरी आडवी उभी. चेंडू घेऊन टोकाच्या रेघेपलीकडे गेलं की टचडाउन, सहा गुण. वर एक-दोन गुण मिळवायची आणखी एक संधी.”

“हे मला बँडवालाही सांगेल. डाउनचं बोला.”

“तेच बोलतोय. एका दमात कोण तिकडे पोचतोय? म्हणून चार खेपा. चेंडू उचलल्यापासून माणूस आडवा पडेपर्यंत एक खेप, म्हणजे एक डाउन. चार खेपांत मिळून दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात, की नव्याने चार, पुन्हा पहिल्यापासून. नाही सरकलात, तर चेंडू समोरच्यांचा.”

“म्हणजे पहिल्या खेपेला तीन यार्ड गेले...”

“तर सेकंड डाउन, सात बाकी.”

“आणि दुसऱ्या खेपेला उलट मागंच रेटलं दोन यार्ड?”

“थर्ड डाउन, नऊ बाकी. वा! आता तिसऱ्यालाही जमलं नाही, तर चौथ्याला बहुतेक जण लाथ मारून चेंडू लांब भिरकावतात. देऊनच टाकायचा तर दाराशी कशाला द्या?”

“आणि नाही मारली लाथ तर?”

“तर जिवावर उदार झालेत असं समज. जमलं तर जमलं, नाहीतर होतं तिथेच सगळं त्यांच्या हातात.”

आर्लिस बोटं मोजत चौथ्यावर थांबली. “हा डाउन मला कळला,” म्हणाली.

प्रायश्चित्त म्हणून फादरनी तिला रविवारचा टीव्हीवरचा सामना पूर्ण बघायला सांगितला. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल, आणि रांग अशी वाटेतून बाजूला झाली जणू हिने कुणाचा खून केलाय.

पुढच्या शनिवारी फेकाफेकीचा धडा झाला. हवेत फेकलेला चेंडू कुणाला झेलता आला नाही आणि जमिनीवर पडला, तर तो मेला. खेप वाया, मूळ जागेवरून पुढचा डाउन. पण हातात धरून पळताना निसटला तर जिवंत. ज्याच्या अंगाखाली सापडेल त्याचा.

“दोन्ही पडलेलेच,” आर्लिस चिडली. “मग एक मेलेला नि एक जिवंत कसा?”

“जो धरलाच नव्हता तो गमावला कसा म्हणायचा?” फादर म्हणाले. “आता जा. बाहेर कुणीतरी दार खाजवतंय.”

घरी आल्यावर ती उजळणी करायची, तीही आपल्या पद्धतीने. ताटात कोलाचे मांडायची. हे आमचे गोड पाव, मधे खळगा करून सारण भरलेले. खसखशीचे आठ एका बाजूला, जर्दाळूचे आठ दुसऱ्या. खसखशीच्या मधल्याने चेंडू मागे द्यायचा, मागच्याने, म्हणजे क्वार्टरबॅकने, तो हातात द्यायचा, नाहीतर फेकायचा, नाहीतर स्वतः पळायचं. एकदा ती चौथ्या डाउनच्या विचारात असताना लॅड आला आणि उभ्या-उभ्या क्वार्टरबॅक खाऊन गेला. आर्लिस हसली आणि हसता हसता तिथेच ओट्याला टेकून रडली. मग खसखशीचा दुसरा घेऊन पुन्हा मांडला.

मैदानावर तिने सांगितलं, डॉक्टर म्हणतात लॅडची साखर खाली-वर होते, शेजारी कुणीतरी हवं. थर्मास, बिस्किटं, रुमाल असा सरंजाम घेऊन ती त्याच्या मागोमाग शिडी चढली. माइकची खोली म्हणजे चिलीच्या, राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याच्या, टपरीवर ठोकलेलं लाकडी खोकं: खालून शिडी, जमिनीत उचलायचं दार, समोर मोठी खिडकी. गुणांचा फलक खालच्या टेबलावरून चालायचा, तेव्हा वर दोघंच. टपरीतल्या चिलीचा वास फळ्यांतून वर यायचा. ती आर्लिसनेच सकाळी शिजवलेली.

“फर्स्ट डाउन, दहा,” ती त्याच्या कानाशी पुटपुटायची.

“फर्स्ट डाउन, दहा बाकी!” लॅड गर्जायचा, “आणि बघा मंडळी, पोरांचे पाय कसे शिवशिवताहेत!”

पायांचं ती सांगत नसे. ते त्याचं स्वतःचं. ती दोन शब्द द्यायची आणि तो त्यांचे वीस करायचा. आणि त्या चिलीच्या वाफेत, खोकल्याच्या गोळ्या चघळत, तिला तिचा नवरा पुन्हा भेटायचा. मधल्या विश्रांतीत तो तिच्या मांडीवर थाप मारून विचारायचा, “काय आर्ली, फरशी कुणावर टाकून आलीस?” आठवडाभर तिला जो ओळखत नव्हता, तो! तिने काय वाटेल ते केलं असतं. डोरीनच्या पायाही पडली असती.

असे काही शुक्रवार गेले, आणि तिला वाटायला लागलं की निभतंय.

फादरनी तोवर पिवळ्या फडक्याचं सांगितलं नव्हतं. त्या शुक्रवारी ब्रानिकचा एक पोरगा चेंडू काखेत मारून सुटला तो थेट रेघेपलीकडे. “टचडाउन!” आर्लिस कानात म्हणाली, इतकी खूश की जवळजवळ ओरडलीच. “टचडाउन!” लॅडने आभाळ डोक्यावर घेतलं, बँड सुटला, बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि मैदानाच्या मध्यावर, जिथे कुणाचंच लक्ष नव्हतं, तिथे रेफरीने नियम मोडल्याची खूण म्हणून टाकलेलं पिवळं फडकं गवतात पडलं होतं. कुणीतरी कुणालातरी मागून धरलेलं. टचडाउन रद्द, दहा यार्ड मागे. पाहुण्यांच्या बाकांवरून अशी हुर्यो उठली की बँडचा ढोलकीवाला हातातल्या काठीकडे बघत राहिला.

सामना संपल्यावर ड्वेन सोकोल शिडी चढून वर आला. हा शाळेचा मुख्याध्यापक, आणि शाळा लहान म्हणून खेळांचा कारभारीही तोच. स्वतः याच मैदानावर खेळलेला, आर्लिसच्या हातचे दालचिनीचे रोल आणि चिली खाऊन वाढलेला. पन्नाशी आली तरी तिच्यासमोर टोपी हातात घेणारा.

“मिसेस कुबिचेक,” तो खालच्या आवाजात म्हणाला. लॅड खिडकीतून रिकाम्या मैदानाला हात करत होता. “लॅडने आयुष्यात कधी फडकं चुकवलं नाही.”

“उन्हाची तिरीप होती.”

“पाठीमागं ऊन होतं.” तो टोपीची कड चाचपत राहिला. “मला वाईट वाटतं. पण पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बसवावा लागेल. व्हाव्हरांचा जावई कधीचा मागं लागलाय.”

“तो? तो तोतरा आहे, ड्वेन.”

“माइकवर नाही होत म्हणे.”

शनिवारी तिने जाळीला नाक लावून फादरना फैलावर घेतलं. “फडक्याचं आधी सांगायला काय झालं होतं? मरणाचं शेवटी सांगता तसं?”

“चुकलं,” फादर म्हणाले. कबुलीच्या कोठडीत पाद्र्यानेच कबूल करायची ती पहिलीच खेप असावी. “कुठलीही खेप झाली की आधी गवतात बघायचं. फडकं असेल तर जे झालं ते अजून झालेलं नाही. रेफरी हात करील तेव्हा खरं.”

“डोळ्यांनी पाहिलेलंही रद्द होतं?”

“होतं.”

“मग लॅडचं...” ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिने गिळलं. फादरनी तिला त्या दिवशी प्रायश्चित्त दिलं नाही.

शेवटचा घरचा सामना ऑक्टोबरच्या अखेरीला, एल्म फोर्कच्या शाळेशी. जिंकलं तर पुढची फेरी, हरलं तर बूट-कपडे जमा. मका बहुतेक निघाला होता, त्यामुळे झाडून सारं गाव आलेलं, घोंगड्या पांघरून. आमच्या मैदानाला दिवे नाहीत, सगळं दुपारच्या उजेडात उरकायचं. पूर्वार्ध लॅडने असा गाजवला की सोकोलने खालून अंगठा दाखवला. आर्लिस गवत बघत होती, फडकं बघत होती, कडेला डाउनची काठी धरून उभ्या असलेल्यांचे आकडे बघत होती. तिची मान दुखायला लागली होती.

उत्तरार्ध सुरू झाला आणि लॅड गप्प झाला.

“सेकंड डाउन, पाच,” ती कानात म्हणाली.

तो मैदानाकडे बघत होता, पण त्याची नजर पोरांवर नव्हती. ती पोरांच्या आरपार कुठेतरी.

“लॅड. सेकंड, पाच.”

“चेंडू सोकोलकडे,” लॅड माइकमध्ये म्हणाला.

बाकांवर हसू फुटलं. सोकोल कडेला टाय लावून उभा होता, पोट सांभाळत. त्यानेही हसून टोपी हलवली. गावाला वाटलं, लॅड मस्करी करतोय. तो होताच तसला.

“सोकोल डावीकडून, सोकोल पडला. आता झेलेंका. मायलो झेलेंका, काय पळतोय बघा! अरे मायलो, आई बघतेय तुझी, जरा दम धर!”

हसू थांबलं. मायलो झेलेंका सोकोलच्या वर्गातला. शाळा संपली त्याच हिवाळ्यात धान्याच्या कणगीत मक्याखाली गाडला गेला. आणि त्याची आई तिसऱ्या बाकावर बसली होती, नव्वदीची, घोंगडीत गुंडाळलेली. तिने मान वर केली आणि ती कर्ण्याकडे बघायला लागली. वळून मैदानाकडेही बघितलं तिने.

आर्लिसने हात लांब करून माइकचं बटण बंद केलं.

आपण काय केलं ते तिला हात मागे घेतल्यावर कळलं. महिनेच्या महिने जे वाचवलं ते तिनेच कापलं होतं, एका बोटाने. लॅडला पत्ता नव्हता. तो बंद माइकमध्ये बोलत होता, हातवारे करत, गालांवर लाली चढलेली. पायांचं, वाऱ्याचं, पोरांच्या आयांचं. बाहेर फक्त वारा. लोक एकमेकांना विचारायला लागले, कितवा डाउन, किती बाकी. कडेला आकड्याची काठी असते म्हणा. पण ब्रानिकने कधी डोळ्यांनी सामना पाहिलाच नव्हता, लॅडच्या आवाजाने पाहिला होता.

शिडी करकरली. आर्लिस उठली आणि जमिनीतल्या दारावर जाऊन उभी राहिली. आयुष्यभर जे वजन कमी करीन म्हणत आली, ते त्या दिवशी सगळंच्या सगळं कामाला आलं.

दाराला खालून धक्का बसला. “मिसेस कुबिचेक! वायर गेली वाटतं. उघडा.”

“वायर ठीक आहे.”

“मग आवाज का नाही?”

“मी बंद केलाय.”

“उघडा. व्हाव्हरांचा जावई आलाय खाली.”

“त्याला चिली दे एक वाटी. सामना संपल्यावर उघडते.”

“अहो, पुढची फेरी आहे का नाही ते ठरतंय इथं! दार उघडा, नाहीतर मी...” त्याने खांदा लावला. फळी चार बोटं उचलली गेली आणि आर्लिससकट परत बसली. तिने खिडकीची चौकट धरली. तोंडाने ती उगाचच “सेकंड डाउन, सेकंड डाउन” म्हणत होती.

“आणि सोकोल मोकळा आहे!” लॅड ओरडत होता. “रेघेपाशी एकटाच! चेंडू आला, हातांत आला... सोडला! सोकोलने सोडला! देवा रे, माझ्या आजीने झेलला असता!”

फळीखालचे धक्के थांबले.

“डोळ्यांत ऊन आलं होतं,” सोकोल खालून म्हणाला. तीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. तोंडातून निघूनच गेलं.

लॅडने मान वाकडी करून ऐकलं आणि माइक ओठांशी नेला. “मंडळी, सोकोल म्हणतो ऊन होतं. आभाळ भरून आलं होतं, मंडळी. माझी छत्री उघडी होती.”

 मग सोकोल बोलला तेव्हा त्याचा आवाज मुख्याध्यापकाचा नव्हता.

“कधीपासून आहे हे?”

“पेरणीच्या आधीपासून.”

“आणि डाउन कोण सांगत होतं?”

“मी.”

“तुम्ही? तुम्हाला तर...”

“शिकले.”

शिडीवर तो खाली बसल्याचा आवाज आला. “मी त्याला पुन्हा वर बसवू शकणार नाही. तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय.”

“मायलोची आई रडतेय तिथं.”

“कळतंय रे, ड्वेन.” तिने कपाळ चौकटीला टेकवलं. “आजचा दिवस त्याला संपवू दे. बंद माइकने कुणाचं काय जातंय? आजचा दिवस. पाया पडते तुझ्या, दारावरून उतरता येत नाही म्हणून इथूनच.”

सोकोल उठला. शिडी पुन्हा करकरली, या वेळी खाली जाताना. आर्लिसने खिडकीतून पाहिलं. त्याने चिअरलीडर पोरींच्या हातातला पत्र्याचा भोंगा घेतला, कडेच्या दोरीपाशी गेला, घसा साफ केला आणि काठीवरचा आकडा बघून ओरडला, “फोर्थ डाउन! चार बाकी!” आवाज फाटका, चिरका, पण मैदान त्याच्याकडे वळलं.

ब्रानिक मागे होतं आणि वेळ सरत आली होती. पोरं लाथेच्या तयारीत उभी नव्हती. ती पळणार होती. आर्लिसला ते बघताक्षणी कळलं, तिला कुणी सांगायला लागलं नाही.

“कोण ओरडतंय ते?” लॅडने विचारलं.

“ड्वेन.”

“सोकोलचा ड्वेन? तो डाउन सांगतोय?”

“हो.”

लॅड ऐकत राहिला. त्याने माइकला धरलेला हात सोडला. परक्या घरी कुणी आपल्याआधी प्रार्थना सुरू केली की माणूस जसा हात मांडीवर ठेवून गप्प बसतो, तसा. आर्लिस दारावरून उतरून त्याच्याजवळ आली. खालून कुणीच ढकलत नव्हतं.

“तू बोल ना,” ती म्हणाली. “तू बोल, लॅड. फोर्थ डाउन, चार बाकी.”

तो हसला, ओळख नसलेल्या बाईकडे बघून हसावं तसं.

“फोर्थ डाउन,” ती कानाशी वाकली. “लॅड, फोर्थ. चार बाकी. पोरं पळणार आहेत बघ. म्हण ना.” तिने बटण चालू केलं. कर्णे घरघरले. बाकांवरची माणसं मागे वळून खोक्याकडे बघायला लागली. सोकोलने भोंगा खाली घेतला आणि तोही वाट बघत राहिला. “म्हण, माझ्या राजा. फोर्थ डाउन.”

“फोर्थ डाउन,” लॅड हळूच म्हणाला, आणि ते मैदानभर गेलं. मग तो तिच्याकडे वळला आणि अदबीने विचारलं, “म्हणजे काय असतं हो, बाई?”

तेही मैदानभर गेलं.

आर्लिसने माइक बंद केला नाही. तिला सुचलंच नाही. मैदानात चेंडू उचलला गेला, पोरांच्या अंगांची टक्कर झाली, कुठल्यातरी बाजूच्या बाकांवरून आरोळी उठली. तिने मान वळवून बघितलं नाही. खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्याचा हात हातात घेतला.

“चार खेपा मिळतात,” ती सांगायला लागली. “आणि दहा यार्ड जायचं असतं.”

“पायी?”

“पळत. मधे माणसं आडवी येतात.”

“अरे बापरे,” लॅड म्हणाला. “आणि नाही पोचलं तर?”